पाच वॅटसाठी मोर्स

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढताना मी रिस्ट्रिक्टेड ग्रेड निवडली, कारण तिला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक भाषा, लागत नव्हतं. जनरल ग्रेडला तेव्हा मिनिटाला ८ शब्दांची परीक्षा होती. तेवढ्यासाठी कोण कान झिजवणार!

मत बदललं क्यूआरपीमुळे, म्हणजे जेमतेम ५ वॅटवर संपर्क साधायच्या नादामुळे. ४० मीटरच्या रेडिओ-पट्ट्यातल्या गर्दीत एवढ्याशा ताकदीवर बोललेलं कोणाला ऐकू जात नाही. मोर्सचा सूर मात्र अगदी अरुंद पट्ट्यात मावतो, त्यामुळे तेवढीच ताकद खरखरीतून वर येते.

टिंब-रेघांचा तक्ता मी पाठ केलाच नाही. १९३०च्या दशकातल्या लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाची पद्धत धरली. सुरुवातीला दोनच अक्षरं, के आणि एम, पण पूर्ण वेगात. दहातली नऊ बरोबर आली की एक नवं अक्षर. तबल्याचा बोल ऐकताना आपण थापा मोजतो का? तसंच 'डा-डि-डा' कानावर पडताच हाताने के लिहायचा.

खरा छळ एस, एच आणि ५ या आकड्याने केला. तीन, चार आणि पाच डिट, म्हणजे टिंबं. मोजत बसलात की पुढची दोन अक्षरं गेलीच. सुटलेलं अक्षर सोडून पुढे जायला शिकणं मला अक्षरांपेक्षा अवघड गेलं. अजूनही हात मागे वळतो. परीक्षा मात्र बिनबोभाट पार पडली.

गच्चीवर साधारण २० मीटर लांबीची डायपोल, म्हणजे तारेची अँटेना, ताणली. (ती कपडे वाळत घालायची तार नाही, हे सोसायटीत पटवायला मोर्सपेक्षा जास्त चिकाटी लागली.) संध्याकाळी एलईडी दिव्यांची खरखर फार, म्हणून पहाटे ७.०३० मेगाहर्ट्झवर सीक्यू, म्हणजे 'कोणी आहे का?' अशी हाक, दिला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, तेही भरधाव. मी 'क्यूआरएस', म्हणजे 'हळू पाठवा', असं पाठवलं. समोरच्याने मुकाट्याने वेग उतरवला. मोर्सवाल्यांची ही रीत मला फार आवडते. माझा सिग्नल कसा पोहोचतोय याचा ५५९ रिपोर्ट मिळाला, नाव कळलं, गाव क्यूएसबीत, म्हणजे सिग्नलच्या चढउतारात, बुडालं. पुन्हा विचारलं, तर बंगळुरू.

आता कागदाशिवाय ऐकायचा सराव चाललाय. कॉलसाइन, म्हणजे समोरच्या हॅमचं ओळखचिन्ह, डोक्यात राहतं, पण हवापाण्याच्या गप्पा सुरू झाल्या की पेन्सिल शोधावी लागते.