तुम्ही विचारलंत म्हणून: आकृत्या इतक्या अचूक कशा येतात?

मी गणिताच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढते हे कळलं, की दोन प्रश्न ठरलेले असतात. 'कुठलं सॉफ्टवेअर वापरता?' आणि 'माउसने एवढं अचूक काढायचं म्हणजे हात किती स्थिर लागत असेल!' परवा एका शिक्षिकेने दोन्ही एका दमात विचारले. त्यांनी प्रश्नपत्रिकेसाठी वर्तुळ आणि त्याची स्पर्शिका, म्हणजे त्याला एकाच बिंदूत स्पर्श करणारी रेषा, काढली होती. स्क्रीनवर सुरेख दिसत होती. मोठी करून छापल्यावर एका मुलीने दाखवून दिलं की रेषा वर्तुळाला दोन ठिकाणी छेदतेय. मग ती स्पर्शिका कशी? मुलीचं बरोबर होतं. शिक्षिकेला मी तेव्हा फोनवर घाईघाईत काहीतरी सांगितलं, त्याने माझंच समाधान झालं नाही. म्हणून आता नीट सांगते.

हाताचा इथे काहीच संबंध नाही. शाळेत भौमितिक रचना शिकताना आधी कच्ची आकृती काढायला लावत, आठवतंय? हाताने भराभर काढायची, मापं लिहायची, काय दिलंय आणि काय शोधायचंय ते बघायचं. मग पट्टी-कंपास घेऊन पक्की रचना. संगणकासमोर बसलं की आपण ही दुसरी पायरी गाळतो. कच्ची आकृतीच ओढूनताणून, झूम करकरून 'आता बरोबर दिसतंय' म्हणेपर्यंत नेटकी करत राहतो. ती कितीही नेटकी झाली तरी कच्चीच असते, कारण तिच्यातला प्रत्येक बिंदू डोळ्याने ठरवलेला असतो.

स्पर्शिकेच्या बाबतीत तर डोळ्यावर विसंबायची सोयच नाही. समजा वर्तुळाची त्रिज्या ३० मिलिमीटर आहे आणि दोन्ही रेघा अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या आहेत. स्पर्शबिंदूपाशी वर्तुळ रेषेपासून इतकं हळूहळू दूर जातं, की सुमारे ११ मिलिमीटर लांबीपर्यंत दोन्ही रेघा एकमेकींत मिसळलेल्याच दिसतात. त्या ११ मिलिमीटरमध्ये स्पर्शबिंदू नेमका कुठे, हे कुठल्याच डोळ्याला सांगता येणार नाही. रेघ बारीक करून ०.१ मिलिमीटरवर आणली तरी पाचेक मिलिमीटर धूसर राहतातच.

म्हणून तो बिंदू रचून काढायचा. वर्तुळाचं केंद्र पानावर (१००, १००) इथे ठेवा. ज्या बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची तो केंद्राच्या उजवीकडे ५० मिलिमीटरवर, म्हणजे (१५०, १००). आता केंद्र आणि बाहेरचा बिंदू जोडणारा रेषाखंड व्यास मानून दुसरं वर्तुळ काढा: केंद्र (१२५, १००), त्रिज्या २५. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, त्यामुळे ही दोन वर्तुळं जिथे छेदतात तिथे त्रिज्येला लंब अशी रेषा आपोआप मिळते, आणि तीच स्पर्शिका. छेदनबिंदूवर स्नॅप चालू केलं असेल, तर रेषेचं टोक तिथे आपसूक चिकटतं. स्नॅप नको असेल तर गणित करा: केंद्रापासून १८ उजवीकडे, २४ वर. मी वापरते त्या इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये १.० आवृत्तीपासून उभा अक्ष वरून खाली मोजतात, म्हणून पानावर हा बिंदू (११८, ७६) होतो. नोडचं, म्हणजे रेषेची टोकं हलवायचं, टूल घेऊन वरच्या पट्टीतल्या एक्स आणि वाय या रकान्यांत हे दोन आकडे लिहा. रेषा स्पर्शबिंदूच्या पुढे वाढवायची असेल तर डोळ्याने ओढू नका. दर ४ डावीकडे ३ वर, हीच तिची चाल आहे. पुढचं टोक (१०२, ६४). आता १६ पट झूम करा, पोस्टरएवढं छापा, त्या मुलीला दाखवा.

ते दुसरं वर्तुळ पुसू मात्र नका. मदतरेषांसाठी वेगळा लेयर, म्हणजे चित्राचा वेगळा थर, करा आणि छापताना तो बंद ठेवा. सहा महिन्यांनी कुणी 'त्रिज्या जरा वाढवून द्या' म्हटलं, की हा लेयर उघडल्यावर आपण काय विचार केला होता ते सगळं समोर असतं.

संगणकाला आकृतीतली नाती सांगायची, ही युक्ती नवी नाही. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून चित्र काढायचं. त्यांनी त्यात षटकोन कसा काढला ते मला फार आवडतं. आधी सहा बाजूंची वेडीवाकडी बंद आकृती. मग एक वर्तुळ, आणि आकृतीचे सहाही कोपरे त्या वर्तुळावर आणून बसवायचे. मग प्रोग्रॅमला सांगायचं, सगळ्या बाजू सारख्या कर. षटकोन सुसम होतो, वर्तुळ पुसून टाकलं तरी चालतं. म्हणजे कच्ची आकृती माणसाची, अटी माणसाच्या, आणि अचूकपणा यंत्राचा. आजच्या सगळ्या साधनांत मी हीच वाटणी शोधत असते.

आता ज्या चुका मला सगळ्यात जास्त दिसतात त्यांच्याकडे वळते. त्या हाताच्या नाहीत, समजुतीच्या आहेत.

आकृती निवडली की तिच्याभोवती तुटक रेषांची चौकट येते. आपण नकळत धरून चालतो की चौकटीचा मध्य म्हणजे आकृतीचा मध्य. चौरस, वर्तुळ, षटकोन यांच्यात ते खरं आहे. समभुज त्रिकोणात नाही. परिवर्तुळाची त्रिज्या ४० मिलिमीटर असलेला त्रिकोण घ्या. त्याची उंची ६०, म्हणून चौकटीचा मध्य शिरोबिंदूपासून ३० वर. खरं केंद्र मात्र ४० वर. १० मिलिमीटरचा फरक! दोन त्रिकोणांची सहा टोकांची चांदणी काढायची म्हणून पहिल्याची प्रत घेऊन ती १८० अंशांत फिरवली, तर प्रोग्रॅम ती बहुधा चौकटीच्या मध्याभोवती फिरवतो. परिणाम बघण्यासारखा असतो. प्रत्येक त्रिकोणाचं टोक दुसऱ्याच्या पायावर जाऊन टेकतं आणि चांदणीची वरची-खालची टोकं गायब होतात. खऱ्या चांदणीत ती २० मिलिमीटर बाहेर यायला हवीत. निवडलेल्या आकृतीवर पुन्हा एकदा क्लिक केलं की मधोमध छोटी अधिकची खूण दिसते, तोच फिरण्याचा बिंदू. ती ओढून खऱ्या केंद्रावर, म्हणजे परिवर्तुळाच्या केंद्रावर नेऊन ठेवा, मगच फिरवा. पंचकोनातही हाच घोळ असतो, पण थोडा: ५० मिलिमीटर त्रिज्येला पावणेपाच मिलिमीटरचा. थोडा असल्यामुळेच तो लक्षात येत नाही आणि नक्षी पाचव्या प्रतीपर्यंत बिघडत जाते.

षटकोनाची तऱ्हा वेगळी. त्याचा मध्य बरोबर येतो, पण चौकट चौरस नसते. टोकापासून टोकापर्यंत १०० मिलिमीटर असेल तर समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर ८६.६ असतं. कुणीतरी रुंदी आणि उंची दोन्हीकडे १०० लिहितं, आणि षटकोन ताणला जातो. दिसायला षटकोनच असतो, म्हणून चालून जातं. त्याची प्रत ६० अंशांत फिरवून मूळ षटकोनावर ठेवली, की कोपरे जुळत नाहीत. एक माप लिहा, दुसरं प्रोग्रॅमला काढू द्या. रकान्यांमधलं कुलूप त्यासाठीच असतं.

सप्तकोनाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मला तो प्रिय आहे. पट्टी-कंपासने सुसम सप्तकोन काढताच येत नाही. १७९६ मध्ये गाउसने सतरा बाजूंची सुसम आकृती पट्टी-कंपासने रचता येते हे दाखवलं. सातची मात्र येत नाही हे १८३७ मध्ये पियेर वांत्सेलच्या सिद्धतेने पक्कं झालं. कागदावर जे कुणालाच साधणार नाही, ते संगणकावर कितीही दशांश स्थळांपर्यंत हवं तेवढं जवळ नेता येतं, ही गोष्ट मला अजूनही भारावून टाकते. पण तिथेही रचना चुकली की अचूकपणा हातचा जातो. ३६० भागिले ७ म्हणजे ५१.४२८५ आणि पुढे न संपणारे आकडे. एखाद्याने ५१.४ लिहून बिंदू फिरवला, मिळालेली प्रत पुन्हा ५१.४ अंशांनी फिरवली, असं सहा वेळा केलं. झाले ३०८.४ अंश. शेवटच्या फटीला उरले ५१.६. त्रिज्या १०० मिलिमीटर असेल तर सातवी बाजू बाकीच्यांहून सुमारे ०.३ मिलिमीटरने मोठी, आणि सगळी चूक त्या एकटीच्या वाट्याला. दर वेळी मूळ बिंदूच फिरवा, ३६०/७ च्या एकपट, दुप्पट, तिप्पट अशा कोनांतून, म्हणजे चूक साठत नाही. आणि रकाना गणित करणारा असेल तर आकडा लिहूच नका, सरळ ३६०/७ लिहा. अर्थात बहुभुजाचं टूल असताना सात बाजू सांगितल्या की काम होतं. पण सात ठिपके किंवा सात पाकळ्या वर्तुळावर बसवायच्या असतात तेव्हा हे उपयोगी पडतं.

रेघेच्या जाडीचं एकदा सांगून टाकते. भूमितीतल्या रेषेला जाडी नसते, छापलेल्या रेघेला असते, आणि प्रोग्रॅम चौकट मोजताना बहुधा ती जाडीही धरतो. एक मिलिमीटर रेघेचा चौरस आणि पाव मिलिमीटर रेघेचं वर्तुळ, दोघांनाही रुंदी ८० दिली. चौरसाची खरी बाजू झाली ७९, वर्तुळाचा खरा व्यास ७९.७५. आंतर्वर्तुळ चौरसाच्या बाहेर आलं! इंकस्केपच्या पसंतींमध्ये चौकट जाडी वगळून मोजायची सोय आहे. भूमितीचं काम करणाऱ्याने पहिल्या दिवशी ती निवडावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

'संगणकावरचं वर्तुळ तरी खरं वर्तुळ असतं का?' असंही कुणी कुणी विचारतं. प्रश्न चांगला आहे. एसव्हीजी फाइलमध्ये, म्हणजे आकृती ठिपक्यांऐवजी मापांनी साठवणाऱ्या फाइलमध्ये, ते केंद्र आणि त्रिज्या म्हणूनच साठवलेलं असतं, तोवर खरंच. त्याचं पाथमध्ये, म्हणजे बिंदू-बिंदूंनी बदलता येणाऱ्या रेघेत, रूपांतर केलं, की बहुतेक प्रोग्रॅम चार बेझिए वक्र (टोकांच्या हँडलांनी वळण ठरवलेल्या रेघा) जोडून ते उभं करतात. हे वक्र मोटारींच्या बांधणीतून आले. रेनोत पियेर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी ते वेगवेगळे घडवले. अशा वक्रांनी तंतोतंत वर्तुळ कधीच होत नाही. पण हँडलची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवली तर १०० मिलिमीटर त्रिज्येत जास्तीत जास्त ०.०२७ मिलिमीटरचा फरक पडतो. केसाहून बारीक. त्याची काळजी करू नका.

काळजी करायची ती छपाईची. पूर्वीच्या इंकस्केपमध्ये एका इंचात ९० पिक्सेल धरत. २०१७ च्या ०.९२ आवृत्तीपासून ९६ धरतात. पिक्सेलमध्ये मापं ठेवलेली जुनी फाइल जशीच्या तशी उघडली, तर १०० मिलिमीटरची रेषा ९३.७५ होते. म्हणून एकक पहिल्यापासून मिलिमीटर ठेवा. त्यातून प्रिंटरच्या खिडकीत पानात बसवण्याचा पर्याय आधीच निवडलेला असेल तर आणखी थोडी कपात. मुलांनी पट्टीने मोजायची आकृती असेल, तर मी कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ घालते आणि पहिलं पान हातात आल्याबरोबर ती मोजते. बरोबर भरली तरच पुढचं छापायचं.

राहिला शिक्षिकेचा पहिला प्रश्न, सॉफ्टवेअर कुठलं. पानाची मांडणी, रेघांची जाडी, अक्षरं यांसाठी इंकस्केप. पण ज्या आकृतीत एकावर एक अवलंबून असलेल्या चार-पाच गोष्टी आहेत ती मी आधी जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये रचते आणि एसव्हीजी करून इकडे आणते. जिओजेब्राची सुरुवात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना केली. तिथे बिंदू ओढला की त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं बरोबर हलतं, आणि जे नुसतं डोळ्याने बसवलेलं असतं ते जागच्या जागी राहून उघडं पडतं. शिक्षिकेला मी त्यांचीच आकृती तिथे पुन्हा रचायला सांगितली: वर्तुळ, बाहेरचा बिंदू, व्यासावरचं दुसरं वर्तुळ, छेदनबिंदू, रेषा. मग बाहेरचा बिंदू बोटाने हळूहळू वर्तुळाकडे ओढायचा. स्पर्शबिंदू वर्तुळावरून सरकत त्याच्याकडे येतो, स्पर्शिका लहान लहान होत जाते. बिंदू वर्तुळाच्या आत गेला, की दोन्ही वर्तुळं एकमेकांना छेदेनाशी होतात आणि स्पर्शिका नाहीशी होते. बाहेर आणला की परत येते. वर्गात हे दाखवल्यावर त्याच मुलीने आणखी चार वेळा ओढून पाहिलं, असं त्यांनी कळवलं.