टोकियो ते मुंबई तीन दिवस, मुंबई ते पुणे तेवीस

तुम्ही जिथे राहता त्या घराच्या पत्त्यावर तुमच्या स्वतःच्या नावाचा किमान एक कागद असू द्या. परदेशातून जुना कॅमेरा मागवायचा म्हणून कुणी विचारलं, की मी हे सगळ्यात आधी सांगते. लेन्स, शटर, बुरशी या गोष्टी त्यानंतर.

मला हवी होती याशिका मॅट १२४ जी. एकावर एक दोन भिंगांचा, गळ्यात अडकवून खाली मान घालून बघायचा चौकोनी कॅमेरा. कराडला मामाचा स्टुडिओ होता. आमच्याकडची सगळी लग्नं, मुंजी, बारशी त्याने याच कॅमेऱ्यावर टिपली. वरच्या काचेत दिसणारं चित्र उजव्याचं डावं होतं. नवरदेव एका बाजूला सरकला की काचेत तो दुसऱ्या बाजूला जायचा. लहानपणी मामा मला स्टुलावर उभं करून ती काच बघू द्यायचा, आणि त्या दुधी चौकोनात हलणारी माणसं मला प्रत्यक्षातल्या माणसांपेक्षा सुंदर वाटायची. डिजिटल आल्यावर स्टुडिओ चालेना. २००६ साली मामाने सगळं सामान एकत्रच विकलं, त्यात याशिकाही गेली.

हे मॉडेल १९७० ते १९८६ या काळात निघालं. आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांनी भरपूर वापरलं, त्यामुळे इथे मिळतच नाही असं नाही. मी आधी इथेच शोधलं. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन पाहिले, मुंबईत फोर्टला एक. पहिल्याच्या आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. दुसऱ्याचं रोल पुढे न्यायचं हँडल अर्ध्यात अडकत होतं. फोर्टचा दिसायला देखणा होता, पण त्याचे स्क्रू कुणीतरी पकडीने पिळलेले, डोकी पार खरवडलेली. असे स्क्रू दिसले की कॅमेरा खाली ठेवायचा आणि निघायचं. आत काय काय उद्योग झालेत हे देवालाच ठाऊक.

हातात घेऊन बघायला मिळत असेल तर शटर एक सेकंदावर लावा आणि कान जवळ नेऊन ऐका. आतल्या चक्रांचा घर्रर्र आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा आला पाहिजे. आवाज मध्येच रेंगाळला तर आतलं तेल घट्ट झालंय, म्हणजे साफसफाईचा खर्च धरून चाला. मग मागचं दार उघडा, शटर ‘बी’वर लावून बटण दाबून धरा (दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं), अ‍ॅपर्चर (भिंगातलं उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं ठेवा आणि भिंगातून आरपार टॉर्च मारा. दोन-चार धुळीच्या कणांनी काही बिघडत नाही. जाळं दिसलं तर नको.

शेवटी मी टोकियोतल्या एका दुकानातून मागवला. फोटो स्वच्छ होते. सेल्फ-टायमर चालत नाही आणि मागच्या दारातला, उजेड अडवणारा फोम गेलाय, हे त्यांनी आपणहून लिहिलं होतं. असा दोष सांगणारा विक्रेता मला ‘मिंट, मिंट’ म्हणजे अगदी नव्यासारखा असं लिहिणाऱ्यापेक्षा भरवशाचा वाटतो. (या कॅमेऱ्याचा सेल्फ-टायमर चालत असला तरी वापरू नका. इतक्या वर्षांनी तो मध्येच अडकला तर शटरही अडकतं.) कॅमेरा आणि पाठवणुकीचा खर्च मिळून २०,६०० रुपये झाले. पार्सल ९ नोव्हेंबर २०२२ ला निघालं, १२ तारखेला मुंबईत उतरलं.

आणि तिथेच बसलं.

कुरियर कंपनीचा मेल आला, ‘केवायसी पेंडिंग’. आधार आणि पॅन चढवलं. दुसऱ्या दिवशी नाकारलं, कारण आधारवर पत्ता मिरजेचा, माहेरचा, आणि पार्सलवर पुण्याचा. बरं, मग पुण्याच्या पत्त्याचा पुरावा द्या. भाडेकरार चढवला. नाकारला, करार नवऱ्याच्या नावावर आहे. लाइट बिल घरमालकांच्या नावावर. गॅस नवऱ्याच्या नावावर. इंटरनेटचं बिलही त्याच्याच नावावर. करारासोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडून पाठवला, की हा माणूस माझा नवरा आहे आणि आम्ही याच घरात राहतो. उत्तर आलं, हे कागदपत्र यादीत नाही.

सहा वर्षं मी त्या घरात राहत होते. भाड्यातला निम्मा वाटा माझा. आणि कागदावर मी तिथे राहतच नव्हते. त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, उद्या मला काही झालं तर माझा पत्ता कुणाला सापडायचा नाही. तो बिचारा काय बोलणार? पार्सल त्याच्या नावावर करून घेऊ म्हणाला. तेही करून पाहिलं. माल निघाल्यावर नाव बदलता येत नाही.

यात दहा दिवस गेले. फोन लावला की दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पार्सलचा नंबर पहिल्यापासून, आणि शेवटी तेच, “मॅडम, तुमची केस अंडर प्रोसेस आहे.” मी सगळे फोन वहीत लिहून ठेवले होते, तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव. चौदा झाले. ही सवय चांगली आहे, तुम्हीही ठेवा. पुढे एकाने “तुम्ही कधी फोनच केला नाही” असं सांगितल्यावर मी वही उघडून तारखा वाचून दाखवल्या, तेव्हा कुठे त्याने वरच्या माणसाला जोडून दिलं.

मधल्या काळात आणखी दोन प्रश्न आले. वस्तू कोणत्या साली बनली? मी १९७० ते १९८६ असं लिहिलं, त्यांना एकच साल हवं होतं. दुकानाला मेल केला, त्यांनी बिलावर ‘१९७० च्या दशकातला, वापरलेला’ असा शेरा मारून नवीन बिल धाडलं, ते चाललं. दुसरा प्रश्न, यात वायफाय किंवा ब्लूटूथ आहे का? नसल्याचं लेखी द्या. दिलं, सही करून, स्कॅन करून. हा कॅमेरा बॅटरीशिवाय चालतो, बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्याला, हेही लिहिलं. पार्सलमध्ये बॅटरी निघाली की ते लोक अडून बसतात, म्हणून दुकानाला आधीच सांगून ठेवा की बॅटरी काढूनच पाठवा.

आठवड्यानंतर साठवणुकीचं भाडं चढायला लागलं. कागद ते नाकारणार, आणि नाकारल्यामुळे गेलेल्या दिवसांचं भाडं मी भरायचं.

२४ नोव्हेंबरला मी रजा टाकली, पहाटेची बस पकडली आणि अंधेरीला त्यांच्या ऑफिसात गेले. गेटवरच अडवलं, पब्लिकला आत प्रवेश नाही. मी तिथेच उभी राहिले. भांडले नाही, पण हललेही नाही. दोन तासांनी जेवायला बाहेर पडलेल्या एका बाईंनी विचारलं, “ताई, कुणाची वाट बघताय?” मी वहीसकट सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बँक कुठली तुमची? तिथे पत्ता पुण्याचा करून घ्या आणि शिक्क्याचं स्टेटमेंट पाठवा. ते घेतात.”

एवढंच होतं. चौदा फोनांत एकानेही हे सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बँकेत अर्ज दिला. पत्ता बदलायला नवऱ्याचा भाडेकरार आणि विवाह नोंदणीचा दाखला तिथे चालला, हे विशेष. २९ ला शिक्का मारलेलं स्टेटमेंट हातात आलं, ३० ला केवायसी मंजूर. म्हणून सांगते, ऑर्डर देण्याआधी एक महिना हे काम उरकून घ्या. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायकांनी तर नक्कीच. आणि पार्सलवर नाव आधारवर आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट लिहायला सांगा.

आता कर. त्या वेळी वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या वस्तूवर मूळ सीमाशुल्क ३५ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार, आणि वस्तूची किंमत धरून या सगळ्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. एकूण ७७.२८ टक्के. तेही नुसत्या कॅमेऱ्याच्या किमतीवर नव्हे, पाठवणुकीचा खर्च धरून. माझे १५,९२० रुपये झाले, कुरियरचं शुल्क आणि ते भाडं वेगळं. दर बदलत असतात, तुम्ही मागवाल त्या दिवशीचा बघा आणि आधीच हिशेब मांडा. ‘गिफ्ट’ असं लिहून पाठवतो म्हणणाऱ्या विक्रेत्याला नाही म्हणा. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंची सूट २०१९ च्या डिसेंबरात बंद झाली, आणि किंमत खोटी निघाली तर माल जाईल तो तुमचा. मला कर भरण्याचं दुःख झालं नाही. नियम आहे, भरला. तेवीस दिवसांचं मात्र अजून आहे.

५ डिसेंबरला, सोमवारी, पार्सल घरी आलं. खोका उघडला, वरचं झाकण उचललं, त्याच्या चार पाती टप्पकन उभ्या राहिल्या आणि काचेत आमची खिडकी उतरली, उजव्याची डावी होऊन, कुंड्यांसकट. मी तशीच जमिनीवर बसून बराच वेळ बघत राहिले.

दारातला चिकट फोम स्पिरिटने खरवडून काढला आणि काळी लोकर कापून लावली. बॅटरीचं असं आहे, या कॅमेऱ्याला १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता बनत नाही. साधी १.५ व्होल्टची घातली तर काटा चुकीचं दाखवतो. औषधाच्या दुकानात श्रवणयंत्राची ६७५ नंबरची बॅटरी मिळते, साधारण १.४ व्होल्टची. ती आकाराने लहान आहे, भोवती रबरी वॉशर घातला की बसते. पण मी काटा फारसा बघत नाही. लख्ख ऊन असेल तर अ‍ॅपर्चर १६ आणि शटर फिल्मच्या वेगाच्या आकड्याजवळचं, म्हणजे ४०० च्या फिल्मला १/५००. आपल्याकडच्या उन्हाला हे बरोबर लागू पडतं. सावलीत गेलं की ते छिद्र तीन घरं जास्त उघडायचं.

पहिला रोल इलफर्डचा एचपी ५, एकशेवीसचा, बारा फोटोंचा. तो घेऊन कराडला गेले. मामा आता एकोणऐंशीचा आहे. प्रीतिसंगमावर त्याच्या हातात कॅमेरा दिला. कौतुकाचा एक शब्द न बोलता त्याने आधी मागचं दार उघडायला लावलं. आतली रोल दाबणारी पट्टी सरकवता येते, एकीकडे १२, दुसरीकडे २४. माझी २४ वर होती, म्हणजे चोवीस फोटोंच्या २२० च्या रोलसाठी. मी ती कधी पाहिलीच नव्हती. मामाने ती १२ वर आणली, रोल घातला, कागदावरचा बाण खुणेला लावला आणि दार बंद करून हँडल आपोआप थांबेपर्यंत फिरवलं. हे सगळं करताना तो नदीकडे बघत होता, हातांकडे त्याचं लक्षच नव्हतं. बारापैकी सात फोटो त्याने काढले. माझ्या पाचांपैकी दोन हलले.

रोल मी घरीच धुतला. औषध २० अंशांवर हवं. डिसेंबरात पुण्यात ते सहज जमतं, मे महिन्यात बादलीत बर्फ टाकावा लागतो. निगेटिव्ह दोरीवर वाळत घातली आणि पंखा बंद ठेवला, धूळ उडू नये म्हणून. मामाने टिपलेल्या एका चौकोनात कृष्णा आणि कोयना समोरासमोर येताना दिसतात आणि कडेला माझी सावली आहे. तो फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय.

त्यानंतर एक लेन्सही घेतली, पेंटॅक्सची जुनी सुपर टाकुमार ५० एमएम एफ १.४. ही इथेच मिळाली, पार्सलची भानगड नको म्हणून मुद्दाम इथलीच घेतली. काच चहासारखी पिवळी पडलेली होती, म्हणून स्वस्त होती. या लेन्सच्या नंतरच्या प्रकारांत काचेत थोरियम नावाचं मूलद्रव्य असतं आणि वर्षांनुवर्षांनी ती पिवळी होते. अतिनील किरणांनी हा रंग उतरतो. एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडयांचं वाळवण घातलं होतं, त्यापासून लांब, कठड्यावर रोज सकाळी दोन तास ठेवली, खाली अ‍ॅल्युमिनियमचा कागद. दुपारचं ऊन टाळलं, आतलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येतं. तीन आठवड्यांत काच बरीचशी स्वच्छ झाली.

याशिकासोबत तपकिरी चामड्याचं कव्हरही आलंय, छान वास येतो त्याला. मामाने सांगितलं, पावसाळ्यात कॅमेरा त्यात ठेवायचा नाही, चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच लागते. मृग लागला की स्टुडिओतले कॅमेरे कव्हराबाहेर काढून तो लाकडी कपाटात ठेवायचा आणि आत १५ वॅटचा बल्ब दसऱ्यापर्यंत जळत असायचा. आमच्या कपाटात बल्ब लावायला जागा नाही. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवते, आणि दर रविवारी बाहेर काढून शटरचे सगळे वेग एकदा ऐकते.