तुम्ही विचारलंत म्हणून: विभक्तीआधीचा तो बॅकस्लॅश

स्फिंक्स या दस्तऐवज बनवणाऱ्या साधनातल्या मजकुराचं मराठी भाषांतर करणारे हमखास विचारतात: कोडच्या शब्दाला ‘मध्ये’, ‘ला’, ‘ने’ लावताना आधी बॅकस्लॅश आणि स्पेस कशाला? त्यापेक्षा रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट, म्हणजे स्फिंक्सची खुणांची भाषाच, वाढवा ना!

आधी नेमकं काय बिघडतं ते बघा. वाक्य असं आहे:

``कॉन्फ``मध्ये ``थीम`` बदला.

पहिल्या खुणेपाशी (दोन बॅकटिक) लिटरल, म्हणजे जसाच्या तसा छापायचा कोडचा तुकडा, उघडतो. तो बंद करणाऱ्या खुणेनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह लागतं. ‘कॉन्फ’नंतरच्या खुणेला ‘म’ चिकटलाय, ती बाद. पुढच्या खुणेआधी जागा आहे, म्हणून तीही बाद. ‘थीम’नंतरची चालते. त्यामुळे ‘कॉन्फ’पासून ‘थीम’पर्यंत सगळं, मधल्या खुणा आणि ‘मध्ये’ धरून, एकच कोड म्हणून छापलं जातं. इशारा एकही येत नाही. परिच्छेदात दुसरा लिटरल नसता, तर सुरुवातीची खूण आहे पण शेवटची नाही, अशी तक्रार तरी आली असती. दुवे मूळ वाक्याशी जुळले नाहीत तर स्फिंक्स सांगतो. लिटरल मात्र तो मोजत नाही.

प्रत्यय तोडून लिहा, असं म्हणू नका. ते मराठी नाही.

ही भाषा वाचणाऱ्या डॉक्युटिल्समध्ये ‘कॅरेक्टर लेव्हल इनलाइन मार्कअप’ ही, खुणेभोवती जागा नसली तरी खूण मानणारी, सेटिंग आहे. शब्दांमध्ये जागा न सोडणाऱ्या जपानी-चिनीसाठी ती उपयोगी पडते, आणि ती चालू केली की आपलंही वाक्य सुधारतं. पण मग साध्या मजकुरातलं ओळी*स्तंभ*खोली हे सूत्रही बदलतं: ‘स्तंभ’ तिरका होतो आणि गुणाकाराची दोन्ही चिन्हं गायब. इथेही इशारा नाही.

मग ‘सोर्स-रीड’ला, म्हणजे स्फिंक्स मूळ फाइल वाचतो त्या टप्प्याला, हुक (आपला छोटा कोड) लावायचा: बंद खुणेला देवनागरी अक्षर चिकटलेलं दिसलं की मध्ये बॅकस्लॅश-स्पेस घालायची; तिने खूण बंद होते आणि ती स्वतः छापली जात नाही. पूर्वी मी याच बाजूने भांडायचो, आणि मूळ फाइलच मराठीत असेल तर हे जमतंही, फक्त कोड-ब्लॉकमधली उदाहरणं वगळावी लागतात. पण भाषांतर पीओ या भाषांतराच्या फाइलच्या एमएसजीएसटीआरमध्ये, म्हणजे अनुवादाच्या ओळीत, असतं. स्फिंक्स ते नंतर वेगळं पार्स करतो (खुणा वाचून तुकडे पाडतो), हुकपर्यंत ते पोचतच नाही. हे माझ्या तेव्हा ध्यानात यायला हवं होतं.

म्हणून पीओमध्ये हाताने, आणि तिथे बॅकस्लॅश दोनदा:

``कॉन्फ``\\ मध्ये

एकदाच दिलात तर पीओ वाचणाऱ्या गेटटेक्स्टला तो स्वतःचा एस्केप (पुढच्या अक्षराचा अर्थ बदलणारं चिन्ह) वाटतो. सोबत तपासणीची स्क्रिप्ट ठेवा: मूळ आणि भाषांतर दोन्ही पार्स करायचे आणि लिटरल नोड (पार्स झाल्यावरचे कोडचे तुकडे) मोजायचे. नुसत्या खुणा मोजून भागत नाही. वरच्या चुकीच्या वाक्यातही त्या पुरेपूर भरतात.

पण स्क्रिप्ट चूक दाखवते, टायपिंग वाचवत नाही. एका परिच्छेदात चार-चार वेळा हे टाइप करणाऱ्याची चिडचिड रास्त आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे अजून तोडगा नाही.