काकांवर पडलेलं ऊन

काटोल रोडवरच्या लॉनमधला साखरपुड्याचा ग्रुप फोटो होता. वर डाव्या कोपऱ्यात मावळता सूर्य. मुलीचे वडील नागपूरला सीताबर्डीतल्या आमच्या फोटो लॅबमध्ये येऊन माझ्या बाजूला बसले आणि स्क्रीनवर खाली उजवीकडे, खुर्चीवर बसलेल्या माणसावर बोट ठेवलं. "हा माझा लहान भाऊ. याचं तोंड दिसलं नाही पाहिजे."

माणूस गायब करणं आमचं रोजचंच काम. मोडलेली सोयरीक, उधारी बुडवलेला मित्र, सगळे निघतात. काढतो म्हटलं, तर म्हणाले, "काढू नका जी. काढला तर मीच काढायला लावला म्हणतील. ऊन आडवं आलं, असं वाटलं पाहिजे."

म्हणजे लेन्स फ्लेअर, सूर्य समोर असला की भिंगामुळे फोटोवर उमटणारी झळाळी आणि गोळे. फोटोशॉपमध्ये त्याचा तयार फिल्टर आहे. फुटाळा तलावावरच्या प्रत्येक प्री-वेडिंगला लोक "सूर्य टाका" म्हणतातच. आमच्याकडचा एक पोरगा त्या फिल्टरमधला '१०५ एमएम प्राइम' हा एकच फ्लेअर सगळीकडे चिकटवतो. सावल्या डावीकडे पडलेल्या असल्या तरी याचा सूर्य डावीकडेच. गिऱ्हाईक खूश, मग त्याला बोलून उपयोग नाही.

इथे मात्र नियमच मदतीला आला. भिंगांच्या काचांमधून परावर्तित झालेल्या प्रकाशाचे गोळे सूर्यापासून फ्रेमच्या मध्यातून जाणाऱ्या सरळ रेषेत पडतात. सूर्य वर डावीकडे, तर गोळे खाली उजवीकडे. काका बरोबर त्याच रेषेत बसलेले.

पण फाइल क्रॉप केलेली होती. फोटोग्राफर लोकांना क्रॉप न करता द्या असं कितीही सांगा, मूळ फाइल मागितली की त्यांना किडनी मागितल्यासारखं वाटतं. फिल्टर हातातल्या चित्राचा मध्य धरतो, कॅमेऱ्याच्या फ्रेमचा नाही, त्यामुळे रेषा चुकते. शेवटी मूळ फाइल मिळवली. पूर्ण फ्रेमवर काळ्या रंगाने भरलेला लेअर घेतला (रिकाम्या लेअरवर हा फिल्टर चालत नाही), त्याचा स्मार्ट ऑब्जेक्ट केला (म्हणजे फिल्टर नंतरही बदलता येतो), ब्लेंड मोड स्क्रीन, म्हणजे काळं दिसत नाही, फक्त उजेड उरतो. फ्लेअरचा प्रकार ५०-३०० एमएम झूम. ब्राइटनेस १० पासून ३०० टक्क्यांपर्यंत जातो आणि लोक सरळ ३०० करतात. मी १३० वर थांबलो. मग ह्यू-सॅच्युरेशनने गोळे केशरी केले आणि पहिल्यासारखं क्रॉप.

तरी काका दिसतच होते. गोळा पारदर्शक असतो, त्यातून चेहरा ओळखू येतो. म्हणून कर्व्ह्‌जमध्ये त्या बाजूचा काळा भाग वर उचलला (फिकट केला), कारण खऱ्या फ्लेअरमध्ये कॉन्ट्रास्ट असाच धुऊन निघतो, आणि चेहऱ्यावर वेगळ्या लेअरवर थोडा ब्लर दिला. शेजारच्या आजीच्या पदरावरही धूसरपणा जाऊ दिला. फक्त काकाच पुसट झाले असते तर कोणालाही कळलं असतं.

वडिलांनी बराच वेळ पाहिलं. "मस्त," म्हणाले, आणि अल्बम १२ बाय ३६ इंचांत छापायला गेला.

परवा मुलीचा फोन आला. "दादा, त्या ग्रुप फोटोची एक प्रिंट पाहिजे. ऊन न टाकलेली. बाबांना नका सांगू."

म्हणजे तिने ओळखलं. कशावरून, ते मी विचारलं नाही. वर टाकलेल्या लेअर्सचे डोळे बंद केले, म्हणजे ते लपवले, की काका परत. कामाला दोन सेकंद लागणार नाहीत. साखरपुडा तिचा, पण बिल वडिलांच्या नावावर. मालकांना विचारलं तर म्हणाले, "पैसे घे, देऊन टाक." आमच्या मालकांकडे सगळ्यालाच हे उत्तर असतं.

प्रिंट अजून काढलेली नाही.