नाल्याच्या वळणावरचा कॉल

मी ताडोब्यात गाइड आहे, मोहर्ली गेटला. मे महिन्यातली सकाळची फेरी, जिप्सीत सहा जणांचं एकच कुटुंब. सुरुवातीची माहिती रोजचीच: १९५५ साली झालेलं राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९८६ चं अंधारी अभयारण्य, १९९५ ला दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. सगळ्यांचं लक्ष रस्त्यावर. वाघ दिसला तरच पैसे वसूल, हे त्यांच्या डोक्यात आम्हीच घातलंय. गेटवर आम्हीसुद्धा एकमेकांना तेवढंच विचारतो.

नाल्याच्या वळणावर सांबराचा कॉल आला, म्हणजे वाघ-बिबट्या जवळ असल्याचा इशारा. चितळ नुसत्या सळसळीवरही ओरडतं. त्याच्यावर मी गाडी थांबवत नाही. सांबराचं तसं नाही. ते उगाच तोंड उघडत नाही. 'ढाँक' असा भरदार आवाज, मग शांतता, मग पुन्हा तोच, त्याच जागेवरून. मी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं.

पाचेक मिनिटं गेली. समोरून आलेला जिप्सीवाला जाता जाता म्हणाला, "पाणवठ्यावर लागल्यात गाड्या." झालं!

"भाऊ, इथं काय झाडं बघायची?"

मागच्या सीटवरून आजी म्हणाल्या, "अरे, तो सांगतोय तर थांबा की."

त्यांचं कुणी ऐकलं नाही. मीही नाही. वाघ दाखवला नाही अशी तक्रार होईल, एवढंच माझ्या मनात आलं आणि मी 'चला' म्हणालो.

पाणवठ्यावर फक्त धूळ आणि गाड्या.

परतताना त्याच वळणावर मीच गाडी थांबवली. आमच्या टायरच्या नक्षीवर ठसे उमटले होते. जरा लांबट, म्हणजे मादी. पंजाच्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे, नखांची खूण नाही. पुढच्या पायाच्या ठशावर मागचा अर्धा चढलेला. धुळीची कडा अजून ढासळलीही नव्हती. बाजूला दोन पिल्लांचे ठसे. एक बहुतेक मध्येच बसलं होतं, धुळीत त्याच्या शेपटीची रेघ होती.

थांबलो असतो तर दिसली असती, असं मी त्या रात्री शंभरदा म्हणालो. आता तेही खात्रीनं सांगता येत नाही. पिल्लं घेऊन ती काठावर उभी असेल आणि आमची गाडी हलायचीच वाट बघत असेल. ते सांबर कदाचित तेवढा वेळ तिच्यावरच ओरडत होतं.

खाली उतरायची परवानगी नसते. आजी गाडीतूनच वाकून बघत होत्या. "केवढी असतील रे पिल्लं?"

मी हाताची मूठ वळून दाखवली, एवढा पंजा. त्यांनी आपलीही मूठ वळली आणि गेट येईपर्यंत तशीच मांडीवर ठेवली.