६०० प्राइम आली, आता १८०-६०० ठेवायची की विकायची?

निकॉन झेडवर (निकॉनच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर) पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांपुढे हा पेच हमखास येतो. आधी १८०-६०० मिमीची झूम लेन्स घेतलेली असते. पुढे लक्षात येतं की झूम रिंग कायम ६००च्या टोकालाच टेकलेली आहे, आणि मग ६०० एफ/६.३ पीएफ ही प्राइम, म्हणजे झूम न होणारी एकाच फोकल लेंग्थची लेन्स, खुणावू लागते. दोन्ही लेन्स २०२३च्या. ६००ला दोन्हींचं अ‍ॅपर्चर एफ/६.३ आणि फिल्टरचा व्यास ९५ मिमी. मग दोन्ही बाळगायच्या कशासाठी?

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. प्राइम घेऊन प्रकाश रतीभरही वाढत नाही. पहाटे जिथे झूमवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० लागत होता, तिथे प्राइमवरही तेवढाच लागेल. मागची धूसर पार्श्वभूमीही जवळजवळ तशीच येते. कंपन रोखण्याची क्षमता निकॉन दोन्हींना साडेपाच स्टॉपच सांगते (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवायची मुभा). खरा फरक पडतो तो वजनात. ट्रायपॉडच्या कॉलरसकट झूम २१४० ग्रॅम, प्राइम १४७०. हे ६७० ग्रॅम सफारीच्या जिप्सीत बीनबॅगवर (लेन्स टेकवायच्या उशीवर) जाणवत नाहीत. सासवड-सुप्याच्या माळरानावर सकाळभर पायी फिरताना मात्र मनगट आणि खांदा दोन्ही बोलू लागतात. हात थकला की उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा नीट वळत नाही, आणि दोष लेन्सच्या ऑटोफोकसला दिला जातो. १.४ टीसी (फोकल लेंग्थ १.४ पट करणारा टेलिकन्व्हर्टर) लावल्यावरही प्राइमची स्पष्टता जास्त चांगली टिकते. दोन्हींवर ८४० मिमी एफ/९ मिळतं, पण झूमवरची पिसं थोडी मऊ होतात.

झूम कुठे भारी पडते, हे विकत घेताना फारसं कुणी तपासत नाही. ते आहे जवळचं अंतर. प्राइम चार मीटरच्या आत फोकसच घेत नाही. तिचं सर्वाधिक मोठेपण (वस्तूच्या तुलनेत सेन्सरवरची प्रतिमा) ०.१५ पट, म्हणजे फुल फ्रेमवर (३६ मिमी रुंद सेन्सरवर) चौकटीची रुंदी २४ सेंमी. झूम ६००ला २.४ मीटरपर्यंत येते, ०.२५ पट, चौकट साधारण १४.५ सेंमी. दहा सेंमीचा शिंजीर प्राइममध्ये निम्मी चौकटही भरत नाही. झूममध्ये जवळजवळ सत्तर टक्के भरतो. पाणवठ्याच्या हाइडमध्ये (लपून बसायच्या आडोशात) पक्षी तीन मीटरवर उतरला, तर प्राइमवाल्याने नुसतं बघत बसायचं. (झूमही जवळ फोकस घेत नसेल, तर आधी बाजूचा लिमिटर (फोकसचं अंतर मर्यादित करणारा स्विच) ‘फुल’वर आहे ना ते बघा.)

प्राइमची दुसरी अडचण ताडोबात येते. ६०० मिमीला दहा मीटरवर चौकट जेमतेम ६० सेंमी रुंद असते, म्हणजे वाघाचं तोंड आणि थोडी छाती. १८०ला तीच चौकट दोन मीटरची होते. वाघ रस्त्यावर येऊन जिप्सीकडेच चालत निघाला, तर लेन्स बदलायला वेळ नसतो, आणि त्या धुळीत बदलूही नये. म्हणून सफारीला एकच बॉडी (कॅमेरा) असेल तर झूमच न्यावी. या बाबतीत माझ्या मनात शंका नाही.

आता निर्णयाचं. लाइटरूम क्लासिक या फोटो सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत बॅकस्लॅश दाबा, वर फिल्टरची पट्टी येईल. मेटाडेटामध्ये एका रकान्यात लेन्स, दुसऱ्यात फोकल लेंग्थ निवडा आणि फक्त तारे दिलेले फोटो ठेवा. सगळे फोटो मोजले तर आकडा फसवा निघतो, कारण एकाच पक्ष्याच्या बर्स्टमध्ये (सलग झटपट फोटोंमध्ये) शेकडो फ्रेम ६००च्या असतात. निवडलेल्यांपैकी दहातला एकही ५०० मिमीच्या खाली नसेल, तर झूम विकून टाका. १८०-२०० वर बरेच फोटो साचलेले दिसले, तर तुम्हाला १८० सुद्धा अपुरं पडतंय. अशांनी ६०० पीएफसोबत १००-४०० ठेवावी, हे माझं ठाम मत आहे. ती कॉलरसकट १४३५ ग्रॅम, ०.३८ पट मोठेपण देणारी, म्हणजे फुलपाखरंही निघतात. १८०-६०० आणि प्राइम मिळून ३६१० ग्रॅम होतात. १००-४०० आणि प्राइम मिळून २९०५. विमानात केबिन बॅगेला बहुतेकदा सात किलोचीच मुभा असते, तिथे हे सातशे ग्रॅम मोलाचे. दोन्ही ६०० ठेवणं पटतं ते दोन बॉडी असणाऱ्यांना, किंवा ज्यांचं काम खरोखर विभागलेलं आहे त्यांना: पायी प्राइम, जिप्सीत आणि हाइडमध्ये झूम.

विकण्याआधी दोन्ही समोरासमोर तपासा. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान ताठ चिकटवा, पंधरा मीटरवर ट्रायपॉड लावा, व्हीआर (लेन्सची कंपन रोखणारी सोय) बंद, सेल्फ टायमर, एफ/६.३ आणि एफ/८. प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा घ्या, असे तीन-तीन फोटो काढा आणि त्यातला सर्वांत चांगला धरा. हे सकाळी लवकर करा. ऊन तापलं की जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचं सगळंच विरघळल्यासारखं दिसतं. भिगवणला उन्हं वर आल्यावर काढलेले फ्लेमिंगो मऊ दिसतात ते बहुतेकदा याच हवेमुळे. त्यावर उपाय म्हणून प्राइम घेतली तर पैसे वाया जातात, कारण तीही त्याच हवेतून बघते. होडी पक्ष्यांना न उठवता जेवढी जवळ जाईल, तेवढंच हाती लागतं.

आणि दोन्ही ठेवणार असाल, तर कोकणात, मुंबईत पावसाळ्याचा विचार करा. न वापरलेली लेन्स बॅगेत पडून राहिली की काचेवर बुरशी धरते. ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. कॅबिनेट नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले, की ते तापवून पुन्हा कोरडे करायची वेळ झाली.