ओर्व्हालच्या मठात एक दिवस

आज दक्षिण बेल्जियममधील ओर्व्हालचा ट्रॅपिस्ट, म्हणजे संत बेनेडिक्ट यांची नियमावली पाळणाऱ्या कॅथलिक संन्याशांचा, मठ पाहिला. १७९३ मध्ये फ्रेंच क्रांतिसैन्याने जाळलेल्या जुन्या मठाच्या भग्न कमानींखाली मी बराच वेळ उभा होतो. शेजारीच नवा मठ आहे आणि त्याच्या आवारात बिअर तयार होते.

संन्यासी आणि मद्य ही जोडी आपल्याला खटकते. मलाही खटकत असे. परंतु स्वतःच्या हातांच्या श्रमावर जगतो तोच खरा मठवासी, असे सांगणाऱ्या संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील नियमावलीनेच रोज मोजक्या द्राक्षमद्याची मुभा दिली होती, आणि द्राक्षे फारशी न पिकणाऱ्या उत्तरेकडील मठांत त्याची जागा जवाच्या बिअरने घेतली. ओर्व्हालची सध्याची ब्रुअरी मात्र १९३१ ची. १९२६ मध्ये सुरू झालेल्या पुनर्बांधणीसाठी पैसा उभा करावा, हा तिचा हेतू होता. म्हणजे समोरच्या या भिंतींमध्ये बिअरच्या विक्रीचा पैसा आहे, हे मला फार हृद्य वाटले.

बाटलीवर तोंडात अंगठी धरलेला मासा असतो. झऱ्यात पडलेली मटिल्डा या सरदारपत्नीची अंगठी माशाने परत आणून दिली, अशी आख्यायिका आहे. तो झरा अवशेषांमध्ये अजून वाहतो. निघताना त्याच्या काठाशी थोडा वेळ बसलो.